‘नको’ म्हणणारा बाप हवा

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी आम्ही किशोरवयीन मुलांचे दोन दिवसांचे शिबीर घेतले. पंधरा ते वीस वयाची पस्तीसेक मुले होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गटचर्चेसाठी ‘सैराट’ घेतला होता. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा यातली काही मुले प्राथमिक शाळेत असतील. तरी प्रत्येकाने तो दोन-तीनदा पाहिलेला होता. गाणी पाठ, संवाद पाठ. शेवट आठवला की मात्र सगळी खाली मान घालत होती.

मी विचारले, “प्रिन्सला हे कर म्हणून कुणी सांगितलं?”

सगळी गप्प. मग मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “सांगायला कशाला पायजे, मॅडम? बापाचं तोंड बघितलं की कळतंय.”

त्याने सहज म्हटले. बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणालाही त्यात आश्चर्य वाटले नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मैत्रिणींनो, चौदा वर्षे मी हे काम करते आहे. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, कौटुंबिक हिंसाचारावर प्रशिक्षणे घेतली आणि दिली. पण हिंसा एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कशी जाते, हे त्या पोराने एका वाक्यात सांगितले तसे मला कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते.

‘सैराट’ पुन्हा डोळ्यांपुढे आणून बघा. प्रिन्स भर वर्गात शिक्षकावर हात उचलतो. त्याबद्दल बापाकडून त्याला शासन होत नाही. पाटलाच्या पोराने मारले, त्यात काय एवढे! मुलाचे खरे शिक्षण तिथेच झाले. पुढे बहीण खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलाबरोबर निघून जाते, परमुलखात संसार थाटते, तिला मूल होते. आणि एक दिवस हाच भाऊ आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन तिच्या दारात उभा राहतो. त्या पोरांना मारून ये, असे बाप म्हणतो आहे, असा प्रसंग दिग्दर्शकाने दाखवलेला नाही. तो दाखवायची गरजच नव्हती. प्रेक्षकांतल्या प्रत्येक मुलाला तो न दाखवताच कळला.

हुकूम कुठे असतो?

आपल्या कथांमध्ये, मग त्या पुराणातल्या असोत की पडद्यावरच्या, सूड हे बापाचे मुलाकडे असलेले येणे असते. बापाचा अपमान झाला, बाप मारला गेला, बापाची मान खाली गेली; आता ते कर्ज मुलाने फेडायचे. २०२३ साली आलेला ‘अॅनिमल’ हा हिंदी चित्रपट आपल्या वस्तीतल्या किती मुलांनी पाहिला आहे, विचारून बघा. ज्या बापाला मुलाकडे बघायला वेळ नाही, त्या बापाचे लक्ष वेधून घेण्यासाठी आणि त्याच्यावरच्या हल्ल्याचा बदला घेण्यासाठी मुलगा माणसे मारत सुटतो, ही त्याची कथा. घरातल्या बायकांची त्यात काय गत होते ते आपण पाहिले, त्यावर आपण लिहिले, निषेधाची पत्रके काढली. ते योग्यच होते. पण आपली टीका सारी नायकाच्या बायकोला मिळणाऱ्या वागणुकीवर होती. त्याच्या बापाबद्दल आपण फारसे बोललो नाही. त्या मुलाला कुणीतरी वेळेवर ‘माझ्यासाठी काही करू नकोस’ असे म्हणायला हवे होते, आणि ते एकच माणूस म्हणू शकत होता, हे आपल्याला सुचले नाही.

इथेच मला वाद घालायचा आहे. समोरच्यांशी नाही, आपल्याच मंडळींशी.

एक कुऱ्हाड आणि पाच मुलगे

रेणुकेची गोष्ट आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? माहूरच्या गडावर आपल्या आया-आज्या गेल्या, आपणही गेलो. तिथे देवीचे मुखच पुजले जाते. ते शिर धडावेगळे का झाले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. महाभारताच्या वनपर्वात ती अशी आहे: नदीवर स्नानाला गेलेल्या रेणुकेने एका राजाला आपल्या स्त्रियांबरोबर जलक्रीडा करताना पाहिले आणि तिचे मन क्षणभर चळले. बस, एवढाच गुन्हा. जमदग्नीने तो तिच्या चेहऱ्यावरून ओळखला आणि मुलांना हुकूम दिला, हिला मारा.

पुढचे आपण ऐकलेले असते. परशुरामाने कुऱ्हाड उचलली. बाप प्रसन्न झाला. मुलाने वर मागून आईला जिवंत केले. कीर्तनकार इथे थांबून पितृभक्तीवर बोलतात.

पण मुलगे पाच होते. परशुराम सर्वांत धाकटा. त्याच्या आधी थोरल्या चौघांना एकामागून एक तोच हुकूम दिला गेला आणि चौघांपैकी एकानेही हात उचलला नाही. त्यांची नावे रुमण्वान, सुषेण, वसु आणि विश्वावसु. ही नावे आपल्यापैकी कितीजणींनी ऐकली आहेत? मी ऐकली नव्हती. आईवर कुऱ्हाड चालवायला नकार देणारे चार मुलगे आपल्या परंपरेत आहेत आणि त्यांच्या नावाचा साधा एक पार नाही!

बापाने त्यांचे काय केले? शाप दिला. त्यांची जाणीव गेली, ती पशुपक्ष्यांसारखी जड झाली. आजही हेच होते. सूड घ्यायला नकार देणाऱ्या मुलाला घरात काय म्हणतात? बायल्या. बांगड्या भर. तुझ्यात रक्त आहे का पाणी? त्याला माणसांतून उठवतात. आमच्या शिबिरातल्या पोराला हा शाप ठाऊक होता. म्हणूनच तो बापाचे तोंड बघायला शिकला होता.

आणखी एक गोष्ट नजरेआड करू नका. परशुरामाने मागितलेल्या वरांमध्ये हेही होते, की आईला आपण मारले गेल्याची आठवण राहू नये. आईला जीव परत मिळाला, पण आपल्यावर काय गुदरले याची तिच्याकडे साक्ष उरली नाही. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीने हे पाहिले आहे. “झालं गेलं विसर, पोरी, आता नांदायला जा.” हे वाक्य किती जुने आहे बघा.

मग पुढे कार्तवीर्य अर्जुनाशी वैर झाले. आश्रमातल्या गाईच्या वासरावरून ते सुरू झाले. परशुरामाने कार्तवीर्याला मारले. त्याच्या मुलांनी, परशुराम घरी नसताना, जमदग्नीला मारले. मरताना जमदग्नी मुलाच्या नावाने हाका मारीत होता, एवढेच वनपर्व सांगते. सूड घे, असे तो म्हणाल्याचे तिथे नाही. मुलाने त्या हाकेचा अर्थ आपला आपण लावला आणि एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली.

तो दुसरा अर्थ लावणार तरी कसा होता? बापाने त्याला हेच शिकवले होते, की प्रेम सिद्ध करायचे तर कुऱ्हाड उचलायची. न उचलणाऱ्या भावांचे काय झाले, ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. आईवर उचललेली कुऱ्हाड आणि क्षत्रियांवर उचललेली कुऱ्हाड ही एकाच हातातली आहे. बाईवरची हिंसा हा ‘घरगुती प्रश्न’ आणि जातीजातींतला, घराण्याघराण्यांतला सूड हा ‘सामाजिक प्रश्न’, अशी वाटणी जे करतात त्यांनी ही कथा पुन्हा वाचावी. एकवीस वेळा ज्या पुरुषांना मारले, त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

त्याच कुळातली दुसरी गोष्ट

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती बहुतेकींना नवी असेल. मलाही ती उशिरा सापडली, आमच्या गावच्या वाचनालयातल्या महाभारताच्या मराठी भाषांतरात, आदिपर्वात.

परशुरामाचा बाप जमदग्नी, आजा ऋचीक आणि पणजा और्व. हा और्व जन्माला येण्याआधी त्याच्या कुळाचा संहार झाला. कृतवीर्य राजाच्या वंशजांना पैशाची गरज पडली. त्यांनी भृगुकुळातल्या पुरोहितांकडे मागणी केली, काहींनी धन जमिनीत पुरून ठेवले होते, ते एकाला खणताना सापडले आणि कत्तल सुरू झाली. पोटातली मुलेही सोडली नाहीत. बायका हिमालयाकडे पळाल्या. त्यातल्या एकीने आपला गर्भ मांडीत लपवला. मांडी म्हणजे ऊरु, म्हणून मुलगा और्व. तो जन्मला तेव्हा त्याच्या तेजाने मारेकऱ्यांचे डोळे गेले. ते त्याच्या आईकडे गयावया करू लागले, मग त्याने त्यांना दृष्टी परत दिली. पण राग गेला नाही. त्याने साऱ्या जगाचा नाश करायचे ठरवले.

तेव्हा कोण आले? ज्यांच्यासाठी सूड घ्यायचा तेच आले. त्याचे मारले गेलेले पितर आले आणि म्हणाले, राग आवर. तू जे करायला निघाला आहेस ते आम्हांला प्रिय नाही.

मैत्रिणींनो, आपल्या साऱ्या सूडकथांमध्ये मेलेला बाप काही बोलत नाही, त्याच्या वतीने जिवंत माणसे बोलतात. इथे मेलेले बाप स्वतः येऊन मुलाच्या खांद्यावरचे ओझे उतरवतात.

आणि ते एवढ्यावर थांबत नाहीत. और्व म्हणतो, मी आईच्या पोटात असताना बायांचा आक्रोश ऐकला आहे. त्या वेळी तुम्हांला वाचवायला कुणी आले नाही. हा राग बाहेर पडला नाही तर तो मलाच जाळील. किती खरे बोलणे आहे हे! पितर त्याला ‘गिळून टाक’ म्हणत नाहीत. ते त्याला जागा दाखवतात. हा अग्नी समुद्रात सोड, म्हणतात. तो सोडतो, आणि तो तिथे पाणी पीत जळत राहतो. त्याला वडवानल म्हणतात. राग विझला नाही. त्याने माणसे मात्र जाळली नाहीत.

ही गोष्ट महाभारतात कोण कुणाला सांगतो, तेही बघा. वसिष्ठ आपल्या नातवाला, पराशराला सांगतो. पराशराचा बाप त्याच्या जन्माआधीच राक्षसाकडून मारला गेला. आईकडून हे कळल्यावर तो मुलगा जग जाळायला निघाला. वसिष्ठाचे तर शंभर मुलगे त्याच वैरात गेले होते. सूड घे म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर त्या म्हाताऱ्याला होता. त्याने तो अधिकार नातवाला थांबवण्यासाठी वापरला. पराशर पुरता थांबला नाही. त्याने राक्षसांचे सत्र मांडलेच आणि ते बंद करायला पुलस्त्याला यावे लागले. एका सांगण्याने सगळे भागत नाही, हे कथाकारालाही माहीत होते. पण जग वाचले.

आणि परशुरामालाही शेवटी थांबवले ते त्याच्या आजाने, ऋचीकाने. एकवीस वेळा झाल्यावर, रक्ताची पाच तळी भरल्यावर. जे काम पहिल्या दिवशी बापाने करायचे होते ते आजाला इतक्या उशिरा करावे लागले.

एकाच कुळात दोन तऱ्हेचे बाप आहेत. एक हातात कुऱ्हाड देणारा, एक राग समुद्रात सोडायला सांगणारा. आपण पिढ्यान्‌पिढ्या पहिल्याची गोष्ट सांगत आलो आणि दुसऱ्याची विसरलो.

चौथ्या खेपेला

हे पुराण मी का सांगते आहे, याचे कारण एक घर आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते.

एक मुलगी, वय बावीस. नर्सिंगचे शिक्षण घेतलेली. दुसऱ्या जातीतल्या मुलाशी आळंदीला जाऊन लग्न लावले आणि संरक्षणासाठी दोघे आमच्या केंद्रात आली. पोलिसांत अर्ज दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात अशा जोडप्यांना संरक्षण देण्याबाबत स्पष्ट निर्देश दिले आहेत, त्याची प्रत जोडली. मग मी तिच्या माहेरी गेले.

भाऊ एकोणीस वर्षांचा, आयटीआयला फिटरचा कोर्स करणारा. नजर वर करून बोलत नव्हता. बापाने पारावर जाणे सोडले होते. दाढी वाढलेली. जेवणाचे ताट तसेच परत जायचे. चुलत्यांचे येणे-जाणे वाढले होते आणि प्रत्येकजण जाताना त्या पोराकडे बघून एकच बोलायचा, “तुझ्या बापाला गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई.”

आईने मला गोठ्याकडे नेले आणि हळूच म्हणाली, “पोराच्या डोक्यात भलतंच हाय, बाई. त्याच्या बापाला सांगा. माझं कोण ऐकतंय?”

तिने मला पहिल्याच भेटीत उत्तर सांगितले होते. मी ऐकले नाही. मी माझ्या शिक्षणाप्रमाणे वागले. आईशी बोलले, तिला धीर दिला. मुलाशी बोलले, त्याला कायदा समजावला, जन्मठेप म्हणजे काय ते सांगितले. तीन खेपा झाल्या. बाप ओसरीवर बसलेला असायचा आणि मी त्याला नमस्कार करून आत जायचे. त्याच्याशी काय बोलायचे? तो तर मला विरोधी पक्षच वाटत होता.

चौथ्या खेपेला मी ओसरीवरच बसले. म्हटले, “काका, तुम्ही पोराला काय सांगितलंय?”

“म्या काय बी सांगितलं न्हाई.”

“तेच म्हणते मी. काही करू नको, हे तरी सांगा.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सांगून काय हुतंय?”

मी म्हटले, “तुम्ही गप्प बसलात की त्याचा अर्थ ते पोर त्याच्या परीनं लावतंय. तुम्ही ताट परत पाठवता तेव्हा तो बघतोय.”

त्यांनी पोराला हाक मारली. पोर दाराशी येऊन उभे राहिले. म्हाताऱ्याने त्याच्याकडे न बघता सांगितले, “माझ्यासाठी काय बी करायचं न्हाई. केलंस तर माझ्या मयताला खांदा द्यायला येऊ नगंस.”

पोर रडायला लागले. रडत रडत एकच विचारत होते, “मग इतकं दिस बोलला का न्हाईसा, आण्णा?”

मी ही यशोगाथा म्हणून सांगत नाही. त्या बापाने मुलीला घरात घेतलेले नाही. तिचे नाव काढत नाही. तिच्यावरचा अन्याय संपलेला नाही. पण ती जिवंत आहे, तिचा नवरा जिवंत आहे, आणि तिचा भाऊ तुरुंगात नाही, एका गॅरेजमध्ये कामाला आहे. मधूनमधून तिचा फोन येतो आणि ती पहिला प्रश्न विचारते, “आण्णा जेवतात का?”

आक्षेप

आमच्या बैठकीत मी हे मांडले तेव्हा एका ज्येष्ठ मैत्रिणीने चांगलेच धारेवर धरले. तिचे म्हणणे, “म्हणजे शेवटी बापाचाच शब्द! आपण तीस-चाळीस वर्षे कशासाठी झगडलो? बापाच्या खुर्चीला पुन्हा आपणच खांदा द्यायचा का?”

आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. बापाच्या शब्दाला वजन आहे ते आपण दिलेले नाही. ते व्यवस्थेने दिले आहे आणि आज या क्षणी ते एका मुलीच्या गळ्यावर ठेवलेले आहे. ते तिथून उचलायला त्या बापाला भाग पाडणे ही खुर्चीची पूजा नव्हे. तुझ्या नावावर हे कर्ज चढवले जात आहे, ते तूच माफ कर, एवढीच आपली मागणी आहे. आपले अंतिम ध्येय अर्थातच बापाच्या परवानगीवाचून ‘नाही’ म्हणणारा मुलगा हे आहे. रुमण्वान आणि त्याचे तीन भाऊ, ते आपले आदर्श. पण असा मुलगा शापाला घाबरणार नाही तो केव्हा? त्याच्या नकाराला चारचौघांत मान मिळेल तेव्हा. तो मान आजवर आपणही दिलेला नाही.

दुसरा आक्षेप असा, की सूड सोडा म्हणजे अन्याय सोसा, असेच तुम्ही सांगता. मुळीच नाही. और्वाचा राग त्याच्या पितरांनी खोटा ठरवला नाही. आपला राग समुद्रात सोडायचा म्हणजे फिर्याद द्यायची, साक्षीला उभे राहायचे, मोर्चा काढायचा, खटला शेवटपर्यंत लढवायचा. त्यात वर्षे जातात, चपला झिजतात. पण फिर्यादीत बाईला बोलावे लागते, तिची साक्ष नोंदवली जाते. सुडात तिला कुणी काही विचारत नाही. तिच्या नावाने पुरुष पुरुषाला मारतो आणि हिशेब पुरुषापुरुषांत मिटतो.

आणि इथे आपण आपलाही पदर तपासावा. आमच्या गटाने काही वर्षांपूर्वी एक पथनाट्य बसवले होते. मुलीवर अत्याचार होतो, पोलीस तक्रार घेत नाहीत, शेवटी भाऊ कोयता घेऊन उठतो. तिथे टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. आम्हांला वाटायचे, लोक जागे झाले. एका वस्तीत प्रयोगानंतर एका मुलीने विचारले, “ताई, शेवटी ती मुलगी काय म्हणते?” आम्ही एकमेकींकडे बघितले. भाऊ उठल्यानंतर तिला आम्ही एकही वाक्य लिहिले नव्हते. ते नाटक मीच लिहिले होते.

मोर्चात ‘आरोपीला आमच्या हवाली करा’ ही घोषणा आपण दिली आहे. राखीच्या कार्यक्रमात मुलांकडून ‘बहिणीचे रक्षण करीन’ अशी शपथ आपणच घेतली आहे. रक्षणाचा अधिकार दिला की शिक्षेचा अधिकार मागोमाग येतो. जो भाऊ बहिणीसाठी कोयता उचलतो, तो बहिणीवरही उचलतो.

काय करायचे?

म्हणून माझे चार गोष्टींचे सांगणे आहे, आणि ते मी प्रथम माझ्या गटाला सांगितले आहे.

पहिली. जिथे मुलीच्या जिवाला धोका आहे अशा प्रत्येक प्रकरणात बापाला गाठा. ‘मला मान्य आहे’ असे त्याच्याकडून वदवून घेण्याचा हट्ट नको. ‘माझ्यासाठी कुणी काही करायचे नाही’ हे त्याने मुलासमोर आणि भावकीसमोर म्हणायला हवे. संरक्षणाच्या अर्जाला हा पर्याय नव्हे, अर्ज द्यायचाच. बाप धमकावणारा असेल तर एकटीने जाऊ नका, आणि मुलगी कुठे आहे हे कुणालाही सांगू नका.

दुसरी. मुलांची शिबिरे घेतो तशी एक दिवसाची तरी बैठक बाप आणि मुलगे यांची एकत्र घ्या. मुलांना बापासमोर विचारू द्या, “आण्णा, तुमचा अपमान झाला तर तुम्हांला माझ्याकडून काय हवंय?” पहिल्या बैठकीला तिघेच बाप आले तरी चालेल.

तिसरी. गोष्टी बदला. चार थोरल्या भावांची गोष्ट सांगा, और्वाची सांगा, वसिष्ठाची सांगा. ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असे म्हणणाऱ्यांपुढे महाभारताचे आदिपर्व उघडून ठेवा.

चौथी. आपल्या नाटकांतून, गाण्यांतून, घोषणांतून सुडाचा शेवट काढून टाका आणि त्या जागी बाईला बोलू द्या.

शिबिरातल्या त्या पोराला मी नंतर बाजूला घेऊन विचारले, “तुझ्या घरी असं झालं तर बापाच्या तोंडावर तुला काय दिसेल?” तो म्हणाला, “ठाऊक न्हाई. कधी विचारलं न्हाई.” मी त्याला विचारून यायला सांगितले आहे. पुढचे शिबीर जूनमध्ये आहे. तुमच्या भागात असे बाप भेटले असतील, ‘नको’ म्हणालेले किंवा गप्प राहिलेले, तर जरूर लिहा. गप्प राहिलेल्यांबद्दल आधी लिहा.